शेठच्या माडीवरचे रविवार

चाळीसगावला स्टेशनाकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला एका मारवाडी शेठचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि त्याच्यावर माडी. त्या माडीवर मी अक्षरं शिकले, शिवण शिकले, चार माणसांत कसं वागावं ते शिकले. गप्प बसायला तेवढी शिकले नाही. ते शिकवायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला, पण जिथे माझ्या आईला जमलं नाही तिथे इतरांची काय कथा!

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा आणि सुट्टी शनिवारची. खानदेशात तेही कुणाला माहीत नव्हतं. घरात मराठी बोलणार, बायका नऊवारी नेसणार, गळ्यात मंगळसूत्र, आणि देव्हारा मात्र नाही. मग कुणी आम्हाला ख्रिस्ती समजे, कुणी पारशी. आमच्या समोरची म्हातारी तर मरेपर्यंत आम्हाला गुजराथी समजत होती आणि माझ्या बाबांनीही तिची चूक कधी सुधारली नाही. "तिला बरं वाटतंय ना, मग असू दे," म्हणायचे.

बाबा रेल्वेत गार्ड होते. चाळीसगाव ते धुळे या फाट्याच्या गाडीवर त्यांची ड्यूटी. आमची बहुतेक माणसं अशीच रेल्वेत, पोस्टात नाहीतर दवाखान्यात नोकरीला लागून इकडे आलेली. चाळीसगावात चार घरं, धुळ्याला तीन, जळगावला दोन-तीन, भुसावळला थोडी जास्त. सगळी मिळून एका लग्नाच्या पंगतीएवढीसुद्धा नाहीत. आमच्यात महत्त्वाची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष जमावे लागतात. नऊ असले तर चालत नाही, मग ते नऊ कितीही मोठे असोत. त्यामुळे लहानपणी मी एक काम हमखास केलेलं आहे, ते म्हणजे जिन्यात उभं राहून पुरुष मोजणं. "बाबा, आठ झाले! बाबा, नववे येतायत, पण पान खायला थांबलेत!" असा माझा आरडाओरडा खालच्या दुकानापर्यंत ऐकू जाई.

ती माडी शेठनी आम्हाला वापरायला दिली ती स्टेशनच्या असिस्टंट मास्तरांच्या बायकोमुळे. ती मुंबईची, आमच्यातलीच, आणि तिचे वडील प्रार्थनामंदिरात प्रार्थना चालवणारे. त्यामुळे मुलगी असूनही तिला हिब्रू चांगलं येत होतं. आम्ही मुलं तिला बाई म्हणायचो आणि मग मोठेही बाईच म्हणू लागले. ती बदलीवर इथे आली, तिनं पाहिलं की पोरं नुसती रुळांच्या कडेला हुंदडतायत, आणि पदर खोचून ती सरळ शेठच्या गादीसमोर जाऊन उभी राहिली. शेठ जैन. त्यांची अट एकच. माडीवर मांस-मच्छी नको, कांदा-लसूण नको. बाई म्हणाल्या, "आम्ही तिथे मलिदा करू. पोहे, नारळ, खजूर, केळी. तुम्हालाही पाठवू." शेठ खूश झाले. पुढे कित्येक वर्षं आमच्या मलिद्याचं पहिलं ताट खाली दुकानात जाई आणि ते सूर्यास्ताच्या आत जाईल याची काळजी बाई घेत. मला त्या शेठचे उपकार कधी फेडता आले नाहीत. आमचा देव कोणता, हेसुद्धा त्या माणसानं कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी पोरांचा वर्ग. आलेफ, बेथ करत पाटीवर अक्षरं, मग एखादी गोष्ट, मग गाणं. त्यानंतर बायकांचा वर्ग. त्यात मराठी वाचन, हिशेबापुरते आकडे आणि एका शिवणयंत्रावर आळीपाळीनं झबली शिवणं. महिन्यातून एकदा सगळ्या गावांची कुटुंबं जमत. पेटी-तबला घेऊन कीर्तन होई, अगदी आपलं मराठी कीर्तन, फक्त कथा मोशेची नाहीतर योसेफाची. आणि दाराशी एक पाटी लटकत असे: प्रौढ पुरुषांचा हिब्रू वर्ग, दुपारी. त्या वर्गाला कुत्रंसुद्धा फिरकत नसे. पुरुष यायचे, पाटीखाली चपला काढायचे आणि आत जाऊन पत्ते कुटायचे. एका बाईमाणसाकडून अक्षरं गिरवायची म्हणजे काय! आणि शिवाय, त्यांना काय गरज? प्रार्थना चालवायला माझे बाबा होते की.

बायकांच्या वर्गात आमच्यातली नसलेलीही एक बाई होती. जवळच्या खेड्यातून दूध घालायला येणारी अक्का. चहापुरतं दूध द्यायला माडीवर यायची ती चरवी घेऊन दारातच टेकायची. एके दिवशी बाईंना तिच्या अहिराणीत म्हणाली, "बाई, माले बी शिकाडा ना. मी आठे कोपरामा बसस." बाईंनी तिच्या हातात पाटी दिली. अक्का पन्नाशीची, शेतातल्या कामानं बोटं जाड झालेली. पहिले दोन महिने तिचा ग म्हणजे विळ्यासारखा यायचा आणि आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. ती रागवायची नाही. "हसा बठ्ठ्या! मना ग उभा ऱ्हायना ना, मंग दखा," म्हणायची आणि परत काढायची. वाचायची तेव्हा एकेका अक्षराला बोट लावून, ओठ हलवत, मध्येच थांबून, परत मागे जाऊन. एक ओळ व्हायला आमचा चहा पिऊन व्हायचा.

आता बाबांबद्दल सांगते. माझे बाबा प्रार्थना म्हणायला उभे राहिले की ऐकत राहावं. आवाज खणखणीत, कुठे अडणं नाही. त्यांचे वडील अलिबागकडे घाणा चालवत. त्यांनी घाण्यामागे फिरता फिरता बाबांना सगळ्या प्रार्थना तोंडी शिकवल्या होत्या. बाबांकडे एक जुनं, जाडजूड, परदेशी छापलेलं पुस्तक होतं, संबंध हिब्रू. ते उघडून, बोट फिरवत ते म्हणायचे, आणि त्यांच्याकडून बाकीच्या पुरुषांनी सगळं उचललेलं. जळगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर तर बाबांची पट्टीसुद्धा तशीच लावायचे. कुणी मेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या पोराचं बारसं, की आधी विचार व्हायचा, गार्डसाहेबांची ड्यूटी कधी आहे?

माझी आई तापाच्या साथीत गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांनी स्वतः तार करून, गाड्यांना थांबवून दहा माणसं गोळा केली. आमची चार-पाच थडगी होती एका शेताच्या बांधाला, तिथे तिला पुरलं आणि बाबांनीच तिच्यासाठी कादिश म्हटला. कादिश म्हणजे माणूस गेल्यावर म्हणायची आमची प्रार्थना. आवाज जरासुद्धा कापला नाही त्यांचा. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस आहे!

माडीवरच्या वर्गाला मी जाऊ लागले त्याला वर्षभर झालं असेल. मला वाचता येऊ लागलं होतं आणि ज्याला त्याला वाचून दाखवायची खाज सुटली होती. एका रविवारी प्रार्थनेच्या वेळी मी बाबांच्या कोपराशी उभी होते, आणि पाहते तर काय, त्यांनी पुस्तक मराठी पुस्तकासारखं उघडलेलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. त्या पुस्तकाचं पहिलं पान आपल्या हिशेबानं शेवटी असतं. बाबा सकाळची प्रार्थना म्हणत होते आणि त्यांच्यासमोर पान होतं पुस्तकाच्या पार शेवटचं, आणि बोट चाललेलं डावीकडून उजवीकडे, अक्षरांच्या उलट दिशेनं, मजेत. मी मान वळवून पाहिलं. ज्या चार-पाच पुरुषांच्या हातात पुस्तकं होती त्या सगळ्यांनी ती तशीच धरली होती.

दुसरी एखादी पोर गप्प बसली असती. मी घरी आल्या आल्या, बाबा कोट काढत होते तेव्हाच, म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही पान उलटं लावता."

बाबांचा कोट अर्धा अंगात, अर्धा बाहेर. मला वाटलं आता एक मुस्काटात बसणार. पण त्यांनी कोट नीट खुंटीला लावला, खाली बसले आणि म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"बाईंना?"

"नाही म्हटलं ना!"

मग ते उठले. चहा केला, तो प्यायले नाहीत. त्या दिवशी मला माझ्या जिभेचा पहिल्यांदा राग आला. जळ्ळं ते लक्षण! दुसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून गाडी आणल्यावर ते घरी आले, माझ्या पाटीसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं. ते पहिलं काय ते? आलेफ. दाखव."

मी शिकवायला फार वाईट होते. बाबा चुकले की मी कपाळाला हात लावायची. "अहो, आत्ताच सांगितलं ना! हे बेथ, हे खाफ. तळाचा कोपरा बघा!" ते निमूट परत काढायचे. मराठी त्यांना उत्तम येत होतं, कामापुरतं इंग्रजीही, त्यामुळे सवय सगळी डावीकडून सुरू करायची. हात आपोआप तिकडे जायचा. गाडीत रिकामा वेळ मिळाला की गार्डाच्या पेटीच्या झाकणावर आतून खडूनं अक्षरं लिहायचे. ती पेटी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढवणाऱ्या हमालानं एकदा झाकण उघडं पाहिलं आणि पेटीला हात लावायलाच तयार होईना. साहेबांनी आत काहीतरी करणी केलीय म्हणे! बाबांनी स्वतः पेटी उचलली आणि गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. घरी येऊन हे सांगताना ते हसले. आई गेल्यापासून बाबांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी बाबा शब्द जुळवू लागले. मग त्यांनी स्वतःहून कादिश काढायला सांगितला. म्हणाले, "हा मला पाठ आहे, तेव्हा चटकन जमेल." मी पानावर बोट ठेवून वाचत होते, ते बरोबरीनं तोंडानं म्हणत होते. शेवटाकडे आलो. ते "आमेन" म्हणून थांबले आणि मी आपली वाचतेच आहे.

"झालं की," बाबा म्हणाले.

"झालं कुठे? अजून अख्खी ओळ आहे."

"तू चुकलीस. परत बघ."

मी परत वाचलं. परत तेच. आमचं चांगलंच वाजलं त्या दिवशी. शेवटी त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतः एकेक अक्षर लावत गेले. लागले तर तेच शब्द. त्या ओळीत आधी शांती मागायची, आणि मग सांत्वन, आरोग्य, सुटका, क्षमा असं एकापाठोपाठ मागत जायचं. बाबा शांतीपाशी आमेन म्हणून मोकळे होत होते. सांत्वनापासून पुढचं सगळं त्यांच्या वडिलांकडून येता येता कुठेतरी गळून पडलं होतं. मी बाईंना आडून विचारलं तर त्या म्हणाल्या, "हो, मुंबईला सगळे म्हणतात ती ओळ." आणि माझ्याकडे जरा रोखून बघत राहिल्या.

मी येऊन बाबांना सांगितलं. ते खाली मान घालून बसले. म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईला मी अर्ध्यावरच सोडली."

मी अकरा वर्षांची, मला काय कळणार! तरी मी पुस्तक आणून त्यांच्यासमोर त्याच पानावर उघडलं. आईचा वर्षदिवस, म्हणजे ती गेली ती तिथी, दीड महिन्यावर होता. त्या दिवशी दहा माणसं जमणार, कादिश होणार. बाबांनी ठरवलं, या वेळी तिला पुरा म्हणायचा.

वाटलं होतं सोपं आहे. एक ओळ तर पाठ करायची. पण कसलं काय! बाबा ती ओळ सुटी म्हणत, अगदी घडाघडा. पण कादिश सुरुवातीपासून म्हणायला घेतला की जीभ आपली जुन्या रुळावरून सरळ आमेनच्या स्टेशनात. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. एकदा तर मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला उभी राहिले, तरी माझ्या हाताखालून आमेन निघालंच! शेवटी बाबाच म्हणाले, "पाठ म्हणून भागायचं नाही. पहिल्या अक्षरापासून वाचतच जायला हवं. डोळ्यांनी. तरच ती ओळ लागेल."

"पण बाबा, तुम्ही वाचता ते..." मी पहिल्यांदाच जीभ चावली. ते वाचत ते अक्काच्या चालीनं. बोट लावून, थांबत, मागे जात.

"मला माहीत आहे मी कसा वाचतो ते."

"लोक हसतील. एकट्यानं म्हणा ना, इथे घरी."

"एकट्याला कादिश म्हणता येत नाही. दहा जण लागतात. नाहीतर हसं करून घ्यायची मला तरी कुठे हौस आहे!"

वर्षदिवस रविवारीच आला. मी जिन्यात मोजत होते. धुळ्याचे तिघे आले, भुसावळचे आले, गावातले आले, नऊ झाले आणि घोडं अडलं. कंपाउंडर जळगावहून यायचे होते आणि त्यांची गाडी उशिरा. बाबा माडीवर येरझारा घालत होते. मला मनातून वाटत होतं, नाहीच आले तर बरं. खोटं कशाला बोलू? मला माझ्या बापाचं हसं झालेलं बघायचं नव्हतं. पण कंपाउंडर आले, उन्हानं लालबुंद होऊन. "दहावा आल्याशिवाय तुमचं काही हलत नाही बघा!" म्हणत त्यांनी टोपी नीट केली.

पुरुष पुढे, बायका मागे, आम्ही पोरं सतरंजीवर. बाई भिंतीशी. अक्का दूध घेऊन आलेली, ती दारातच उभी. बाबांनी पुस्तक उघडलं, या वेळी बरोबर बाजूनं. लगेच कंपाउंडर वाकून कुजबुजले, "गार्डसाहेब, पुस्तक उलटं धरलंय." सगळ्या सतरंजीला ऐकू गेलं. बाबांनी नुसती मान हलवली आणि बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

काय सांगू, ती सुरुवातच ऐकवेना. ज्या माणसाचा आवाज खालच्या दुकानात घुमायचा तो आज एकेक अक्षर चाचपत होता. पहिल्या शब्दाला थांबले. दुसऱ्याचा अर्धा म्हटला, मागे गेले, परत म्हटला. लोक एकमेकांकडे बघू लागले. धुळ्याचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "बायकोची आठवण आली असेल." दुसरे म्हणाले, "छे, थकलेत. वय झालं." बाबांचं वय तेव्हा पंचेचाळीससुद्धा नव्हतं! माझे कान तापले. उठून सांगावंसं वाटत होतं की अरे, आजवर पाठ म्हणत होते ते, आज पहिल्यांदा वाचतायत! पण बाबांनी तोंड उघडू नकोस अशी शपथ घातली होती.

मधेच कंपाउंडरांनी मदत करायला म्हणून पुढचं पाठ म्हणायला सुरुवात केली. "राहू द्या गार्डसाहेब, मी म्हणतो." बाबांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा, तळवा पुढे. कंपाउंडर गप्प झाले. बाबांचं बोट सरकत राहिलं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

तेवढ्यात दारातून अक्का बाजूला सरकत माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पोरी, तुना बाप आज वाची ऱ्हायना ना वं?"

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"माले समजस," ती म्हणाली. "मी बी अशीच अडखयस."

मला रडू फुटलं. मी तिचा हात धरला, आणि तिथेच दोघी बसून राहिलो.

मग ती जागा आली. बाबांनी शांतीचा शब्द वाचला आणि सगळे पुरुष, सुटलो एकदाचे अशा थाटात, एकदम म्हणाले, "आमेन!" बाबांनीच शिकवलेलं आमेन, बाबांनी शिकवलेल्या जागी. बाबांनी परत हात वर केला. बोट पानावरून हललं नव्हतं. खोली गप्प झाली, आणि त्या गप्प खोलीत बाबा पुढे वाचू लागले. सांत्वन. थांबले. मागे गेले. परत, सांत्वन. मग आरोग्य. मग सुटका. क्षमेच्या शब्दाला फार वेळ लागला. मी मनात अक्षरं पुरवत होते, पण त्यांना माझी गरज पडली नाही. शेवटी स्वतःच आमेन म्हणाले, एकटेच, कारण बाकी कुणाला कळलंच नव्हतं की आता म्हणायचं आहे.

पुस्तक मिटून बाबा वळले. "आजवर मला हे वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला कमी शिकवलं. ही ओळ माझ्याकडून राहिली होती. माझ्या बायकोसाठी म्हटलेल्या कादिशात राहिली, आणि तुम्ही तुमच्या माणसांसाठी म्हटलात त्यातही."

कंपाउंडरांचा चेहरा पार पडला होता. त्यांनी गेल्याच वर्षी वडिलांना पुरलं होतं. ते जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे माझ्या बापाला?"

"हो," बाबा म्हणाले. "माझ्यामुळे."

मला वाटलं, आता बाबांचा प्रार्थना चालवायचा मान गेला, आणि कंपाउंडर जिना उतरून चालू पडणार. ते दोन पावलं दाराकडे गेलेही. मग थांबले. परत आले, बाबांच्या समोर बसले आणि म्हणाले, "कुठे आहे ती ओळ? मला बोट ठेवून दाखवा. माझ्या बापासाठी म्हणायची आहे."

बाबांनी दाखवली. कंपाउंडरांनी बोट ठेवलं, अर्थात डावीकडे. बाबांनी त्यांचा हात धरून उजवीकडे नेला. मग बाबा एकेक शब्द वाचत आणि त्यांची पट्टी लावणारा तो माणूस पोरासारखा मागून म्हणत गेला. त्यांचं झालं तसे भुसावळचे पुढे सरकले, त्यांची आई गेली होती. मग धुळ्याचे. ज्याचं त्याचं माणूस, ज्याची त्याची ओळ. बाबा सोडून नऊच्या नऊ जण आलटूनपालटून सतरंजीवर आले आणि आम्हा पोरांना भिंतीशी सरकून जागा करून द्यावी लागली. मलिद्याचे पोहे सुकून गेले, तीनची गाडी निघून गेली. शेठनी खालून माणूस पाठवला, सगळं ठीक आहे ना विचारायला.

बाई इतका वेळ भिंतीशीच होत्या. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पुरुषांच्या वर्गाची पाटी लावली."

दोन वर्षं ती बाई रिकाम्या वर्गाची पाटी दर रविवारी पुसून लावत होती आणि एका माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून एक अक्षर बोलली नव्हती. आणि मी एका दिवसात घरी येऊन बापाच्या तोंडावर फेकलं होतं. आज इतक्या वर्षांनी त्या माडीची आठवण आली की आधी त्यांना हात जोडते आणि मग स्वतःच्या कानाला हात लावते.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघं घरी निघालो. बाबा पुस्तक काखेत धरून चालत होते, थकलेले, कोट खांद्यावर टाकलेला. मालधक्का ओलांडल्यावर म्हणाले, "दोन वर्षं अर्धवट ठेवली तिला. रागावली असेल का गं?"

माझी आई कशी होती ते मला चांगलं आठवत होतं. माझी जीभ मला तिच्याकडूनच मिळालेली. मी म्हटलं, "आई रागावली असती, तर पहिल्याच वर्षी तुम्हाला कळलं नसतं का, बाबा?"

बाबा भर रस्त्यात थांबले आणि मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी तिथेच, मालधक्क्याच्या भिंतीला टेकून पुस्तक उघडलं, आणि हमाल बघत असताना ती एवढी ओळ तिला परत एकदा वाचून दाखवली.